झाकण उघडण्याआधी

लेकीने शेवटचा निळा कॅन खिडकीखाली सरकवला आणि कंबरेवर हात ठेवून ती सरळ झाली. नव्या कायद्याप्रमाणे ब्लीच उन्हापासून दूर, आतल्या भिंतीला. आम्ल त्याच्यापासून लांब, खिडकीकडे. आणि प्रत्येक कॅनवर नाव. सकाळीच पुरवठादाराच्या माणसाला बोलावून तिने एकेक कॅन तपासून घेतला होता. लेबलं तेवढी यायची होती.

फरशी धुण्याची द्रावणं बनवणाऱ्या या छोट्या कारखान्यात कॅनवर आजवर नाव नव्हतंच. गरज काय? बाबा होते ना! झाकण सैल करायचं, हाताने थोडा वास नाकाकडे ओढायचा आणि नाव सांगून मोकळं व्हायचं. कामगार त्यांना नाकबाबा म्हणत, आणि म्हातारा त्यावर भलताच खूश असे. कायद्याची बातमी आली तेव्हा मात्र ते तडकले होते.

"म्हणजे चिकटवलेला कागद माझ्यापेक्षा शहाणा?"

बाबा बाहेरून आले तेवढ्यात मिश्रण ढवळणाऱ्या मावशी अर्धी भरलेली ब्लीचची बादली घेऊन पुढे झाल्या.

"नाकबाबा, अजून थोडं ब्लीच लागेल हो."

बाबा सवयीने खिडकीखाली गेले. झाकण सैल केलं, वास घेतला.

"हे घ्या. ब्लीच."

ते आम्ल होतं. बादलीत पडलं असतं तर खोलीभर विषारी वायू झाला असता. लेकीने धावत जाऊन कॅनचा कान धरला. आणि तिला सकाळचं दूध आठवलं. बाबा शेगडीशेजारी बसलेले असताना ते करपून कोळसा झालं होतं, आणि ती त्यांच्यावर चिडली होती.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मावशी, लेबलं लागेपर्यंत झाकण कोणीच उघडायचं नाही," ती म्हणाली. "नियम आहे. मलासुद्धा."

मावशी गेल्यावर तिने हळूच विचारलं, "कधीपासून?"

"त्या मोठ्या तापानंतर वास गेला तो गेलाच. कॅन मीच लावायचो, म्हणून जागेवरून कळायचं."

"बोलला का नाहीत?"

"मग माझं इथे काय काम उरलं असतं?"

तिला रडू आलं. ते लपवायला ती आम्लाचं झाकण घट्ट करत राहिली.

दुसऱ्या दिवशी लेबलं आली. लेक नावं सांगत गेली, बाबा एकेक चिकटवत गेले. कडा अंगठ्याने दाबून, एकही सुरकुती न ठेवता. दुपारी मावशी नेहमीप्रमाणे झाकणाशी वाकल्या, तोच बाबा कडाडले.

"नाक मागे! आधी नाव वाचा."

"अहो, वास घ्यायला तुम्हीच तर शिकवलंत!"

"चुकीचं शिकवलं," बाबा म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असं लेबल वाचून दाखवलं.