दोन अपघात

मामाच्या थडग्यावरचा दगड इतका झिजला होता की अक्षरं डोळ्यांना दिसेनात, बोटांनाच लागत होती. टाचणीबाईंनी पर्समधून शिंप्याचा निळा खडू काढला आणि आडवा धरून दगडावरून फिरवला. वरचा भाग निळा झाला, खोल गेलेलं तसंच राहिलं, आणि हळूहळू नाव उमटलं. खाली दोन सालं. बाईंनी वजाबाकी केली. मामा सत्ताविसाव्या वर्षी गेला होता. शेजारचा दगड थोरल्या मावशीचा. तिथली वजाबाकी करायची हिंमत होईना, पण करावी लागली. एकोणीस.

आणखी काय होतं दगडावर? ‘शांत झोप’, बस. अहो, झोपली आहेत ते दिसतंयच की! कशाने झोपली ते सांगा ना. पण मरणाचं कारण काही कोणी हौसेने दगडावर कोरून घेत नाही.

बाई गणवेशाच्या दुकानात शिवणकाम करत. तोंडात सदा टाचण्या, म्हणून दुकानाने त्यांना टाचणीबाई करून टाकलं होतं. स्वभावाने भित्र्या मुळीच नव्हत्या. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं तर टाचण्या न काढताच त्याला गप्प करत. पण महिन्यापूर्वी शाळेची घंटा वाजली आणि त्यांची तेरा वर्षांची लेक जिन्यावर कोसळली. मग एकदा घरात, दाराची बेल वाजल्यावर. तेव्हापासून बेल काढून ठेवली होती, कुकर लावणं बंद झालं होतं, आणि लेक न्हाणीघरात गेली की बाई बाहेर दाराशी उभ्या राहत. लेक चिडायची. चिडो बापडी, चिडते म्हणजे श्वास चालू आहे.

डॉक्टरीणबाईंनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली होती. तिच्यात काहीतरी खटकत होतं, पण ठाम सांगता येत नव्हतं. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, असं त्यांनी विचारलं. असेल तर औषध लगेच सुरू करायचं, कदाचित छातीत एक यंत्रही बसवायचं. नसेल तर पोरीला उगाच त्यात अडकवायला नको, थोडं थांबून बघू. नवऱ्याकडची माणसं सगळी म्हातारी होऊन, एकमेकांशी भांडून भांडून गेली होती. बाईंची आई साठीत न्यूमोनियाने गेली. आईचा भाऊ आणि थोरली बहीण बाईंच्या जन्माआधीच गेलेली, आणि त्यांचं नाव घरात कोणी काढत नसे. उरली एकटी धाकटी मावशी. तिला फोन केला, तर ‘मेलेल्यांना कशाला उकरतेस’ म्हणाली आणि फोन ठेवून दिला. म्हणून बाई इथे गुडघे टेकून बसल्या होत्या.

दफनभूमीच्या कचेरीतल्या कारकुनाने कुरकुर न करता जुनी वही काढली. दोन्ही नावं सापडली. कारणाच्या रकान्यात दोन्हीकडे एकच शब्द होता, अपघात.

बाईंचा जीव भांड्यात पडला. अपघात! म्हणजे गाडी, पाणी, असलं काहीतरी. रक्तात काही नाही. त्या तिथेच ढसाढसा रडल्या. कारकून गडबडला, पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणाला की हे घरच्यांनी सांगितलेलं लिहिलेलं असतं, आम्ही काही तपासत नाही. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं. बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, घाबरू नकोस, दोघंही अपघातात गेलीत. असलं वाक्य आपण आनंदाने बोलतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

तिथून त्या थेट मावशीकडे गेल्या, उगाच त्रास दिला म्हणून माफी मागायला. मावशी मटार सोलत बसली होती. आतल्या खोलीत तिची नात फोनवर कोणाशी तरी लग्नाच्या खरेदीचं बोलत होती. तिची सोयरीक नुकतीच जमली होती. बाईंनी सकाळची सगळी हकिकत सांगितली. मावशीचे हात थांबले. तिने उठून आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

“अपघात म्हणायचं ठरलं होतं,” ती म्हणाली.

“ठरलं होतं म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“दादा गाडीवर गेला, ते खरं. पण रस्ता सरळ होता गं, मोकळा. मागून येणाऱ्याने सांगितलं, गाडी कलायच्या आधीच त्याची मान पडली होती. आणि अक्का गेली ती कमरेएवढ्या पाण्यात. पोहण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.”

बाकीचं मावशीने मटारांकडे बघत सांगितलं. पाठोपाठ दोन तरणी माणसं गेली तशी लोकांत कुजबुज सुरू झाली, की या घराला काहीतरी लागलंय. घरात लग्नाच्या दोन मुली. कोण करून घेणार? मग आजोबांनी सगळ्यांना समोर बसवून बजावलं, विचारील त्याला अपघात सांगायचं. नातेवाइकांत तेच, दफनभूमीतही तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“त्यावर तुझ्या आईचं लग्न झालं,” मावशी म्हणाली. “म्हणून तू आहेस.”

बाईंची मघाशी आटलेली भीती दुप्पट होऊन परत आली, आणि या वेळी तिच्यापासून पळायला कुठे वाट नव्हती. त्यांनी फोन काढला तशी मावशीने त्यांचं मनगट धरलं.

“आता नको. पोरीचं लग्न होऊन जाऊ दे. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मग सांग हवं त्याला.”

“दोन महिन्यांत शाळेची घंटा किती वेळा वाजेल, मावशी?”

मावशीने मनगट सोडलं. बाईंनी डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला. मामाचं आणि थोरल्या मावशीचं, जसं ऐकलं तसं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलीला आत्ताच घेऊन या, थांबू नका. आणि मग विचारलं, त्या बाजूचं हयात कोणी आहे का, कोणाला अशी चक्कर येते का?

फोनमधला आवाज मावशीलाही ऐकू येत होता. आत नात कशाला तरी खळखळून हसली. मावशीने हात पुसले आणि फोन मागून घेतला.

“मी तिची धाकटी मावशी बोलतेय. येते चक्कर मला. लहानपणापासून. नवऱ्यालासुद्धा कधी कळू दिलं नाही.” पलीकडून आणखी काही विचारलं गेलं. मावशीने बंद दाराकडे पाहिलं. “हो, आहे. मुलगा आहे एक. त्याची मुलगी आहे.”

तिने फोन परत दिला, उठली आणि दार अगदी हळू उघडलं. नातीला म्हणाली, फोन ठेव आणि चपला घाल, आपल्याला हॉस्पिटलमध्ये जायचंय.

“का? कोणाला काय झालं, आजी?”

“अजून कोणाला काही झालेलं नाही,” मावशी म्हणाली. “चल.”