प्रेमराज टेलरची दहा गाणी

पारोळ्यात प्रेमराज टेलरकडे कपडे टाकायचे तर गाणी सहन करावी लागतात. सकाळी शटर वर गेलं की स्पीकर सुरू, तो शटर खाली येईपर्यंत. हळदीची, डीजेची, बहिणीला सासरी धाडतानाची, बठ्ठी, म्हणजे सगळी, अहिराणी गाणी. आज मोबाइलवर आलेलं गाणं प्रेमराजने आजच ऐकलेलं असायचं. गायकाचं सोडाच, मागे कोरसला कोण उभी होती तेही हा गडी नुसत्या आवाजावरून सांगायचा. दुकान पुढे, घर मागे, मधे एक पडदा. त्यामुळे त्याची बायको सुलक्षणाही सोळा वर्षं तेच ऐकत आलेली.

वर्ष संपत आलं की तो आपली आवडती दहा गाणी जाहीर करायचा. हसू नका हं! त्याच्या ग्रुपवर चारशे माणसं होती, त्यात धुळ्या-जळगावचे बँडवाले होते. प्रेमराजच्या यादीत आलेलं गाणं पुढच्या लग्नसराईत वाजणार, हे ठरलेलं. कसोटीही त्याची स्वतःचीच. शिलाई मारताना मशीनवरचा पाय आपोआप थांबला तर गाणं यादीत. नाही थांबला, तर गाणारा सख्खा भाऊ का असेना, चालू पडा. पाय असा थांबून यंदा दोन पँटी आणि एका नवरदेवाचा सदरा तिरपा शिवला गेला होता, इतकं वर्ष चांगलं गेलं होतं.

घोळ केला मेव्हण्याने. सुलक्षणाचा धाकटा भाऊ ललित, त्याने धुळ्याच्या स्टुडिओत जाऊन पहिलंवहिलं गाणं काढलं. प्रेमराजने हौसेने लावलं. पण ललितचा आवाज कडक इस्त्री मारल्यासारखा, कुठे वाकायलाच तयार नाही. पहिलं कडवं संपेपर्यंत प्रेमराजने अख्खी बाही जोडली, पाय काही थांबला नाही. त्याने गाणं बदललं.

"ललितचं ऐकलं का?" पडद्याआडून सुलक्षणाने विचारलं.

"ऐकलं."

"पूर्ण?"

"अगं, कापड बोटाला लागलं की कळतं. सगळं ठाण कशाला उलगडायचं?"

मग दर चार दिवसांनी तिचं तेच, "अहो, एकदा पूर्ण ऐका ना." भावाची माया, दुसरं काय, असं प्रेमराजने मनाशी ठरवून टाकलं. डिसेंबर लागला तशी ती सरळच म्हणाली, "यंदा ते गाणं यादीत नसलं, तर यादी माझ्या माहेरी वाचू नका."

आता आली का पंचाईत! यादी दरवर्षी सासरीच वाचली जायची, शेतातल्या भरीत पार्टीला. खोटा नंबर द्यावा तर आपल्याच कानाशी बेइमानी. न द्यावा तर बायकोचं तोंड वर्षभर फुगलेलं, शिवाय ललितचं पहिलंच पाऊल चिखलात. यादीच्या अकरा वर्षांत प्रेमराजने एकही नंबर भिडेने दिला नव्हता. त्याला अभिमान होता तो तेवढ्याच एका गोष्टीचा.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी सासरे हिलाल आबांनी शेतात कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्या पेटवल्या, त्यात हिरवी वांगी भाजली. सासू वच्छलाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या. प्रेमराजच्या हाती मुसळ आलं. लाकडी बडगीत वांगी ठेचायचं काम जावयाचं, आणि ठेचता ठेचता यादी सांगायची, ही तिथली रीत.

"दहावा नंबर," त्याने सुरू केलं, "साक्रीकडच्या पोरांचा. गाणं साधंच, पण मधे पावरीचा सूर असा घुसतो, असा घुसतो की अंगावर काटा! सातवा, ती ट्रॅक्टरवर बसून वरातीला निघालेली नवरी. काय ठसका आहे त्या पोरीचा, वा! तिसऱ्या नंबरवाल्याने नुसत्या श्वासावर ताल धरलाय. लेकाचा जादूगार आहे!" मनापासून बोलायचा तो. दुसऱ्याचं गाणं चांगलं झालं तरी याच्याच घरी बारसं असल्यासारखा आनंद.

दुसराही नंबर झाला. ललित पाणी आणायच्या निमित्ताने उठला. आबांना राहवलं नाही. "जावईबापू, मना पोऱ्यानं गानं?"

"आबा, खरं सांगू? नाही बसलं."

सुलक्षणा भांडली नाही. तिने उठून स्वतःचा मोबाइल स्पीकरला जोडला. "नंबर देऊ नका," ती म्हणाली, "पण ठेचता ठेचता पूर्ण ऐका."

गाणं लागलं. पहिलं कडवं, तीच इस्त्री. मुसळ आपलं धपधप चालू. मग वाद्यं खाली बसली, नुसता डफ राहिला, आणि एक बाई गायला लागली. सासरी निघालेली लेक मायला विचारते, सकाळची तुझी हाक आता कोणाला गं मारशील? आवाज किंचित जाडसर, घरातला, कुठे ओढाताण नाही.

मुसळ वर गेलं ते वरच राहिलं.

गाणं संपलं तेव्हा प्रेमराजच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काही धुराचं नव्हतं. "ललित, कोण रे ही? धुळ्याची नाही, जळगावची नाही, तिथल्या सगळ्या मला ठाऊक. पहिला नंबर हिचा! बाकीची यादी गेली उडत. अरे, नाव सांग ना तिचं!"

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी आबाच म्हणाले, "नाव काय सांगू? तुमना नावनं कुंकू लावस ती."

प्रेमराजने वळून पाहिलं. सुलक्षणा विस्तवाशी काड्या सारत होती, कानापर्यंत लाल झालेली. "कोरसवाली ऐनवेळी आली नाही," ती म्हणाली. "मी श्रावणात कानबाईच्या सणाला माहेरी आले होते, ललितने मलाच उभं केलं."

"तू गातेस? सोळा वर्षांत कधी..."

"कधी गाऊ? शटर उघडलं की तुमचा स्पीकर."

ती हे रागाने म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने नुसतं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं, आणि एवढ्या तयार कानाच्या माणसाला मान वर करवेना.

"दाजी, नंबर राहू द्या," ललित म्हणाला. "लोक म्हणतील, बायको म्हणून दिला."

"म्हणू दे! मुसळ आधी थांबलं, नाव मी नंतर विचारलं. बठ्ठासनी देखं." त्याने तिथेच ग्रुपवर यादी टाकली, वर सुलक्षणाचं पूर्ण नाव. "आणि तुझं कडवं इस्त्रीच आहे, ललित. पुढच्या वेळी अक्काला आधी गाऊ दे."

"ते मुसळ खाली ठेवा आता," सुलक्षणा म्हणाली. "भरीत गार होतंय."

सोमवारी दुकान उघडलं, पण स्पीकर लागला नाही. गिऱ्हाइकं विचारत, बिघडला का? प्रेमराज म्हणायचा, दुपारपर्यंत बंदच राहणार. त्या दिवशी पडद्यामागून नुसता भांड्यांचा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेच्या गणवेशाची बाही तिरपी शिवली गेली.