राघोच्या घराचा वरचा मजला

मी कोलशेतमधलं राघोचं घर बोलतोय. जरा वाकून आत या, माझी चौकट बुटकी आहे.

मिठागरातून परतल्यावर रोज संध्याकाळी थोडं थोडं करत राघोनं मला उभं केलं. माती तुडवायला त्याची नवी नवरी, आवडाबाई. एका ओळीत चार खोल्या, पुढे पडवी, मागे पडवी, वर मंगलोरी कौलं. मजला नाही, जिना नाही. कुणी विचारलंच तर राघो म्हणायचा, "झोपायला वर कशाला जायचं?" साठ वर्षं माझ्यात कुणाला काही कमी दिसलं नाही.

राघो गेला. आजूबाजूला तीस-तीस मजले उठले आणि त्याच्या मुलाला, देवेशला, माझी लाज वाटायला लागली. त्यातच देवेशच्या मुलीचं, दिशाचं, लग्न निघालं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, सर्वेश. त्याच्या घरचे येणार म्हटल्यावर देवेशनं पंधरा दिवसांत पुढची पडवी पाडली आणि माझ्या तोंडावर दुमजली भिंत चढवली. गुलाबी खांब, दोन सिंह, वर तीन खिडक्या आणि गॅलरी. खिडक्यांना पडदेसुद्धा लावले. पडद्यांमागे आभाळ.

"पप्पा, वर काहीच नाहीये," दिशा म्हणाली.

"त्यांना कुठं कळतंय? एलिव्हेशन म्हणतात याला."

रविवारी पाहुणे आले. सर्वेशची आई, मालनताई, रस्त्यावरच मान वर करून बघत राहिल्या. देवेशची छाती फुगली. पोहे झाले, चहा झाला आणि मालनताई उठल्या. "वरचा मजला दाखवा ना. गॅलरी मस्त आहे हां तुमची."

"वर... पॉलिशचं काम चाललंय."

"मग लांबून बघते. जिना कुठंय?"

जिना शोधायला त्या निघाल्यासुद्धा. चारही खोल्या संपल्या आणि त्या मागच्या पडवीत पोचल्या. तिथे आवडाबाई कोलंबी सोलत बसली होती.

"आजी, जिना कुठंय हो?"

"जिना नाय गो बाय. वर काय नाय. नुसती भिंत हाय. पोराची हौस!"

देवेश दारात थिजला. दिशानं डोळे मिटून घेतले. मोडलं लग्न, मलाही वाटलं.

मालनताई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आजी, आम्ही कल्याणला राहतो म्हणून सांगितलंय ना, ते खोटं. राहतो त्याच्या अलीकडे, दिवा स्टेशनजवळच्या स्वस्त वस्तीत. दोन बेडरूम सांगितल्यात, त्यातली एक कपाट आडवं लावून केलेली."

"बस मंग," म्हणत आवडाबाईनं थोडी कोलंबी त्यांच्यापुढे सरकवली. दिशाला आणि सर्वेशला दोन्हीकडचं आधीपासून ठाऊक होतं. दोघं शहाण्यासारखी गप्प बसली.

लग्न थाटात झालं. व्हिडिओत मी सगळीकडे फक्त पुढूनच आहे.

देवेशला मात्र चैन पडेना. पुन्हा कुणी विचारलं तर? गेल्या महिन्यात त्यानं उपाय काढला. आता मला बाहेरून मार्बलचा जिना आहे, पितळी कठड्याचा. सतरा पायऱ्या चढून माणूस गॅलरीत जातो, जरा इकडे तिकडे बघतो आणि सतरा पायऱ्या उतरून खाली येतो. बाकी दिवसभर आवडाबाई त्यावर बोंबील वाळत घालते. ऊन छान लागतं म्हणते.

तुम्ही आलात तर एवढं करा. जिन्याचं भरपूर कौतुक करा, देवेशला बरं वाटेल. मग सरळ मागे या. बसायची जागा तिकडे आहे.