आवाजाचा तक्ता मांडणारा

मी एक लहानसा प्रोग्रॅम आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी कोड लिहून देणं हा माझा धंदा. आज मात्र माझं कामात लक्ष नाही, कारण आज मी भलताच खुशीत आहे!

मला एका मुलीने घडवलं. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात घड्याळं कमी आणि गप्पाच जास्त चालायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. ते पाटीवर लिहून बोलायचे, पण समोरचा वाचेपर्यंत विनोद शिळा व्हायचा. शेवटी त्यांनी पाटीही ठेवून दिली. दुकानही उघडायचं सोडलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी करते तुमच्यासाठी आवाज." आणि पदरमोड करून तिने हातात मावेल अशी पेटी जुळवली. कळा दाबल्या की पेटी बोलणार. पण पेटीतल्या चिपचा जीव तो केवढा! कोणत्या अक्षराला कोणता आवाज, हा भलामोठा तक्ता त्या चिपला स्वतः मांडता येईना. तो मोठ्या संगणकावर बसून मी मांडायचा आणि कंपायलरने, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, तो चिपच्या भाषेत उतरवायचा, असं ठरलं.

आज सकाळी बाबा संगणकासमोर खुर्ची टाकून बसले. मुलीचा दादा मदतीला आला. उत्साही माणूस! त्याने कंपायलरला फर्मान सोडलं, "जे काही आहे ते सगळं चिपसाठी बनव."

सगळं म्हणजे मलाही! मी चिपच्या भाषेत जन्मलो आणि मला कामाला बोलावलं मोठ्या संगणकावर. त्याला माझं अक्षर कळेना. त्याने मला चालवायलाच नकार दिला. मी नाही तर तक्ता नाही, आणि तक्ता नाही तर आवाज कुठला?

दादाने पुन्हा पुन्हा तेच केलं. बाबांनी "राहू दे" असा हात हलवला आणि उठले.

"थांबा हो बाबा!" मुलगी ओरडली. चूक तिच्या लक्षात आली होती. "अरे दादा, सदरा बाबांच्या मापाचा शिवायचा म्हणून शिंप्यालाही बाबांच्या मापाचा करतोस होय?"

दादाने कपाळावर हात मारला. तिने आधी मला या संगणकासाठी बनवलं, मग बाकीचं चिपसाठी. आणि मी सुटलो! भराभर ओळी, आवाजांमागून आवाज! कंपायलरने तक्ता उचलला आणि पेटीत भरला.

बाबांनी सावकाश कळा दाबल्या. पेटीतून घोगरा आवाज आला.

"कोण आलंय गं?" आतून आईने विचारलं.

पुन्हा कळा वाजल्या.

"अगं, मीच बोलतोय."

आई ओल्या हातांनी धावत बाहेर आली.

त्या पेटीत मी नाही. माझं लिखाण गेलं, मी इथेच राहिलो, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. पुन्हा लागलो तर हाक मारा, फक्त जिथे राबवायचं तिथला करून घ्या. आता मी गप्प बसतो. बाबांचं बरंच बोलायचं राहिलंय.