भित्रं कुंपण

मी एक जुनं काटेरी कुंपण आहे, मित्रांनो. दिंडोरीच्या रस्त्याला, नाल्याच्या कडेला नवसाबाईंची बाग आहे, तिच्याभोवती मी उभा आहे. माझ्या तारा गंजल्या आहेत, बाभळीचे खांबही वाकले आहेत. तुम्ही म्हणाल, अंगभर काटे असणाऱ्याला कसली आली भीती? पण खरं सांगतो, माझ्याइतकं भित्रं कुंपण साऱ्या नाशिक जिल्ह्यात सापडायचं नाही. मी कोल्ह्यांना घाबरत नाही. मी घाबरतो ते स्वतःलाच. असं का, ते ऐका.

अंबडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. यंत्रात दोन तारांना पीळ बसत होता आणि ठरावीक अंतरावर काटे गुंफले जात होते. नवसाबाईंचा मुलगा भारत तिथंच जवळ कामाला होता. नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात त्यानं माझी भेंडोळी टेम्पोत टाकून घरी आणली. नवसाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काटे तं आपल्या जुन्या बाभळीच्या कुंपणाला बी व्हते," त्या म्हणाल्या. "पण हे चकाकतंय भारी."

तेवढ्यावरच मी फुशारून गेलो. बागेत एका बाजूला द्राक्षाच्या चार ओळी, मध्ये काकडीचे वेल आणि कडेला शेवंती. मोकाट गुरं माझ्याजवळ येऊन माघारी जात. आल्यागेल्याला भारत कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवी. नवसाबाईंनी तर मला घरचंच करून टाकलं. आमच्याकडे कुंपण म्हणजे कपडे वाळत घालायची हक्काची जागा. नवसाबाई ओलं लुगडं माझ्यावर पसरत आणि पदराचं टोक अलगद काट्यात अडकवत, म्हणजे वाऱ्यानं उडायला नको. इतक्या वर्षांत त्यांचा एक धागाही मी कधी ओढला नाही.

पण कोल्ह्यांनी माझं नाक कापलं. कोल्हा काकडीला राजी, असं तुमच्याकडेही म्हणत असतील. आमच्या नाल्यातले कोल्हे मात्र काकडीवर थांबणारे नव्हते. द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा गोष्टीत राहतो, आमचे कोल्हे बरोबर गोड घड ओळखत. माझ्या खालच्या तारेखाली ते माती उकरत, पोट जमिनीला लावत आणि सुळकन आत शिरत. सकाळी अर्ध्या खाल्लेल्या काकड्या वाफ्यात लोळत पडलेल्या असत. भारतनं भोकांवर काटेरी फांद्या टाकल्या, माझ्या तारांना डबे बांधले. चार दिवस कोल्हे दबकले, मग डब्यांच्या खडखडाटाला सरावले.

"नुसतं नावाला कुंपण हाय हे," भारत एकदा मला लाथ मारून म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

असं करत करत बरीच वर्षं गेली. मग लोडशेडिंगचे दिवस आले. लाईट कधी येईल आणि कधी जाईल, याचा नेम नसे. त्या वर्षी कोल्ह्यांनी उच्छाद मांडला आणि भारतचं डोकं फिरलं. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोपटातून त्यानं एक वायर ओढली आणि माझ्या खालच्या तारेला जोडली. माझ्या सगळ्या तारा उभ्या तारेनं एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे एका तारेतली वीज सगळ्या अंगात जाणार होती.

"भारत, माणसं हात लावत्यात रे त्याला," नवसाबाई म्हणाल्या.

"दिवसा बंदच राहील ना, आई. खोपटावर लाल दिवा लावलाय. दिवा पेटलेला दिसला तं जवळ जायचं नाय. संध्याकाळी मी चालू करीन, सकाळी ड्युटीला जाताना बंद करीन."

वीज पहिल्यांदा माझ्यातून गेली, तेव्हा मी आतून थरथरलो. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, ही म्हण मी माणसांच्या तोंडून ऐकली होती. ती माझ्यावरच यायची वेळ आली आहे, असं मला सारखं वाटू लागलं. चिमणी बसायला आली तरी माझा जीव गोळा होई.

आणि एक दिवस तसंच झालं. सकाळी लाईट नव्हती. आमच्याकडच्या माणसांना एक सवय लागली होती. लाईट गेलेली असली की बटण बंदच आहे, असं धरून चालायचं. भारतनं विझलेल्या दिव्याकडे नजर टाकली आणि कंपनीची बस गाठायला तो पळाला. बटण तसंच चालू राहिलं होतं. मला ते ठाऊक होतं, पण कुंपणाला तोंड कुठं असतं?

नवसाबाई धुण्याची बादली घेऊन आल्या. त्यांनीही दिव्याकडे बघितलं. मग ओलं लुगडं माझ्यावर पसरलं, टोक काट्यात अडकवलं आणि त्या शेवंती खुरपायला बसल्या. ते लुगडं अंगावर घेऊन मी उभा होतो आणि भीतीनं गोठलो होतो. आता लाईट येऊ नये, एवढंच मी मनात घोकत होतो.

भर दुपारी लाईट आली. माझ्या अंगातून मुंग्या धावल्या. खोपटावरचा दिवा पेटला, पण एवढ्या उन्हात पेटलेला दिवा दिसतो कुणाला? नवसाबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकून सरळ झाल्या आणि लुगडं काढायला माझ्याकडे चालत आल्या. काट्यात अडकवलेल्या टोकाकडे त्यांनी हात पुढे केला. मी नको नको म्हणत होतो. ते कुणालाच ऐकू जात नव्हतं.

तेवढ्यात काकडीच्या वेलांतून एक कोल्ह्याचं पिल्लू उठलं. त्यांच्या पावलांना बिचकून ते आपल्या भोकाकडे सुसाट पळालं आणि माझ्या खालच्या तारेला चिकटलं. एकच किंकाळी ऐकू आली.

नवसाबाईंचा हात वितीवर थांबला.

त्या दोन पावलं मागं सरकल्या. सून मंजुषा घरातून धावत आली. "तिथंच थांब, मंजे," त्या ओरडल्या. "कुंपणाला शिवू नको. आधी मेन पाड, वाळक्या काठीनं." मंजुषानं मेन पाडला आणि सासूला मिठी मारून ती रडू लागली. "आत्या, काय झालं असतं हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

संध्याकाळी भारत आला.

"माझं लुगडं वाळलंय," नवसाबाई म्हणाल्या. "जा, काढून आण."

तो माझ्यापाशी आला. लुगडं पिल्लाच्या अंगावर झुकलं होतं. आधी त्यानं पिल्लू पाहिलं, मग काट्यातलं ते टोक. वीज बंद होती, वायरही मंजुषानं काढून टाकली होती. तरी त्याचा हात काही केल्या माझ्यापर्यंत येईना. तो तिथंच उकिडवा बसला आणि लहान मुलासारखा रडला.

पुढच्या सुट्टीला त्यानं माझ्या पायथ्याशी चर खणला. त्यात बारीक जाळी पुरली, तिची खालची बाजू बाहेरच्या अंगाला वळवली आणि वर दगड दाबले. कोल्हे येत, माझ्या पायाशी उकरत, नखं जाळीला लागली की मुकाट परत जात. त्यानंतर एकही कोल्हा आत शिरला नाही. एवढं सोपं होतं ते. पिल्लाला नवसाबाईंनी नाल्याकाठी पुरलं. हंगामाची पहिली काकडी त्या अजूनही तिथं ठेवतात.

मित्रांनो, कुंपणाची तार सैल झाली तर ताणा, खांब वाकला तर बदला, पायाशी जाळी पुरा. पण कुंपणात वीज सोडू नका. वीज माणूस ओळखत नाही आणि कोल्हाही ओळखत नाही.

त्या दिवसानंतर माझ्यावर कपडे वाळत घालणं बंद झालं. मंजुषानं अंगणात दोरी बांधली. सणावाराला सगळी दोरी भरून जायची आणि मी मोकळाच असायचो. आपल्याच घरात परकं होणं फार जड जातं.

मग एका सकाळी नवसाबाई बादली घेऊन आल्या. त्यांनी आधी उलट्या हाताची बोटं माझ्या तारेला लावली आणि झटकन मागं घेतली. मग त्यांनी ओलं लुगडं माझ्यावर पसरलं आणि पदराचं टोक जुन्याच काट्यात अडकवलं.