पर्याय समजले

"बाई, तुम्ही स्वतः पाहिल्या आहेत का या जागा?"

समोरच्या मुलीनं पेनचं टोपण काढलं होतं, पेन सहीच्या रेघेपर्यंत आणलं होतं आणि तिथंच थांबवलं होतं. फॉर्मबाईंनी मान वर केली. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

कचेरीत त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. फॉर्मबाई हे नाव मुलांनी पाडलेलं. ज्या मुलांना आपलं घर नाही, त्यांना कचेरी दुसऱ्या कुटुंबात ठेवते. अशा घरी वर्षातून दोनदा जायचं, शाळा, वजन, दात, लस असले रकाने भरायचे आणि निघायचं, हे बाईंचं काम. मूल अठरा वर्षांचं होत आलं की शेवटचा फॉर्म. 'मला राहण्याचे तीन पर्याय सांगण्यात आले व ते समजले.' त्याखाली मुलाची सही, मागे यादी टाचलेली. मग फाइल बंद.

"पाहायच्या कशाला? यादी वरून आलेली आहे," बाई म्हणाल्या.

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे वरून! सही कर बाळ, मला अजून चार फाइली उरकायच्या आहेत."

मुलीनं पेनला टोपण लावलं. तिच्या नखांच्या कडांना पांढरं प्लॅस्टर वाळलेलं होतं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती सहा महिन्यांपासून कामाला होती. "काका म्हणतात, तपासल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मी जागा बघते, मग सही करते."

काका म्हणजे वायरमन. त्याच्या घरी ती सात वर्षांची असताना आली आणि तिथंच वाढली. वायरमन आणि त्याची बायको तिला ठेवायला आजही तयार होते. पण त्यांच्या घरी कचेरीनं ठेवलेली आणखी दोन लहान मुलं होती, आणि अशा मुलांच्या घरात परकी सज्ञान व्यक्ती राहता कामा नये असा नियम होता. अकरा वर्षं त्या घरात जेवली-झोपली, गोवरात त्यांनी तिला उराशी धरलं, तीच मुलगी येत्या वाढदिवसाला परकी सज्ञान व्यक्ती होणार होती. अकरा दिवस उरले होते.

बाईंना खरं तर तिचा रागच आला. एवढी शेकडो मुलं आली, गुपचूप सही करून गेली, हिलाच काय शिंगं फुटलीत? पण सहीशिवाय फाइल बंद होत नव्हती. त्यांनी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. "चल, दाखवते तुला तुझे पर्याय. एकदाची खात्री करून घे," त्या म्हणाल्या.

पहिला पत्ता बसच्या शेवटच्या थांब्याजवळचा होता. 'नोकरदार मुलींचे निवासगृह, साठ खाटा.' इमारत सापडली. वर मोठ्या अक्षरांत व्यायामशाळेचं नाव होतं, आणि काचेतून पळण्याच्या यंत्रांवर जागच्या जागी पळणारी माणसं दिसत होती.

पायऱ्या पुसणाऱ्या बाईनं त्यांच्या हातातला कागद पाहूनच ओळखलं. "निवासगृह ना? अहो, ते बंद होऊन सहा वर्षं झाली. तरी वर्षाला दोन-तीन जण येतातच असा कागद घेऊन." फडकं पिळून ती मुलीकडे वळली. "तू आधी बघायला आलीस ते बरं झालं. मागे एक मुलगी आली होती, सगळं सामान घेऊन. हातात झाडाची कुंडी. मी सांगतेय इथं काही नाही, तर म्हणे, कागदावर आहे ना. संध्याकाळपर्यंत या पायरीवर बसून होती बिचारी."

"मग?" मुलीनं विचारलं.

"मग मी घरी गेले. सकाळी आले तर कुंडी होती, ती नव्हती."

कुंडीवाली मुलगी बाईंना आठवली. उंच, तोतरी, फार हसणारी. तिनं कुंडी मांडीवर ठेवूनच सही केली होती आणि बाई म्हणाल्या होत्या, टेबलावर माती सांडू नकोस. सहा वर्षं आपण साठ खाटा वाटत होतो, आणि त्यातली एकही खाट नव्हती. त्या बसथांब्याकडे चालायला लागल्या तेव्हा मुलगी मागे राहिली हेही त्यांना कळलं नाही.

दुसरी जागा, मुलींचं वसतिगृह, मात्र होती, आणि चांगली होती. स्वच्छ व्हरांडा, खिडक्यांना जाळ्या, प्रत्येक खोलीत दोन पलंग आणि दोन कपाटं. अधीक्षिका गोरीगोमटी, बोलायला गोड. मुलीला तिनं स्वतः खोली दाखवली. मुलीनं कपाट उघडून बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. त्याला किल्ली होती.

"कधीही या," अधीक्षिका फॉर्म पुढे करत म्हणाली. "इथं आईवडिलांची सही लागेल."

"आईवडील नाहीत."

"अगंबाई! मग पालक?"

"पालक सरकार आहे," मुलगी म्हणाली. "अजून दहा दिवस."

अधीक्षिकेला हसावं की नाही कळेना. "मग सरकार सही करेल?"

बाईंना बोलणं भाग होतं. "कचेरीला अठरा वर्षांनंतर सही करता येत नाही. त्यानंतर ती आमची राहत नाही."

"आणि अठराच्या आधी आम्हाला घेता येत नाही. आणि पालकांशिवाय तर मुळीच नाही." अधीक्षिकेनं फॉर्म अलगद मागे ओढला. आवाज खाली आणून ती बाईंना म्हणाली, "खरं सांगू का? अशा मुलींबाबत आम्हाला जरा जपूनच असावं लागतं."

"अशा म्हणजे कशा?" मुलीनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं असा प्रश्न होता.

"म्हणजे... मागेपुढे कोणी नसलेल्या. उद्या काही झालं तर आम्ही कळवायचं कोणाला?"

"आईबाप असलेल्यांना काही होत नाही का?"

अधीक्षिकेनं फॉर्म खणात टाकला. बाईंच्या मनात आलं, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी म्हणून आपण हा पत्ता देतो, आणि इथं कोणीतरी असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. हे कोणालाच माहीत नव्हतं? माहीत असायला आपण फक्त एकदा फोन करायचा होता.

तिसरा पत्ता घरमालकाचा होता. 'घरगुती वातावरण, कागदपत्रांची अट नाही.' दोन जिने चढून गेल्यावर एका नीटनेटक्या म्हाताऱ्यानं दार उघडलं. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. त्यानं पाणी दिलं, बसायला सांगितलं. सही नको, दाखला नको, आगाऊ रक्कमसुद्धा नको. बाईंचा जीव भांड्यात पडला. निदान एक तरी जागा यादीत धड आहे!

"आमच्याकडे तुमच्या कचेरीच्या मुली येतात अधूनमधून," म्हातारा म्हणाला. "आतापर्यंत तिघी राहून गेल्या. मी त्यांना लेकीसारखं वागवतो."

खोली आतल्या बाजूला होती. मुलगी आत गेली, खिडकी बघितली, मग दार लोटून त्याची आतली बाजू बघू लागली. बराच वेळ बघत राहिली.

"बाई, जरा इकडे या."

दाराला आतून कडी नव्हती. जिथं असायला हवी तिथं चार भोकं होती, वरून रंग मारून बुजवलेली. रंग ताजा नव्हता. चौकटीवरही तशीच दोन.

"कडी कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

"कडी कशाला? घरचीच आहे ती," म्हातारा दारात उभा राहून हसत म्हणाला. "आणि रात्री पोरीला काही दुखलंखुपलं तर मला आत यायला नको?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात त्यांनी कोणा वडीलधाऱ्याला अरे-तुरे केलं नव्हतं. "बाजूला हो," त्या म्हणाल्या. "बाजूला हो आधी!" मुलीचं मनगट धरून त्यांनी तिला दोन्ही जिने उतरवले. रस्त्यावर आल्यावरच त्यांनी ते मनगट सोडलं.

"तिघी," त्या म्हणाल्या. "मीच पाठवल्या."

बसथांब्यावर मुलीनं बाईंना बसायला जागा करून दिली.

सकाळी बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. "बाई, तुम्हाला रजा घेऊन हे उद्योग करायला कोणी सांगितले?"

"साहेब, एक जागा सहा वर्षं बंद आहे. दुसरीकडे घेत नाहीत. आणि तिसरीकडे..."

"नियमात काय म्हटलंय? तीन पर्याय सांगावेत. आपण सांगतो. ते चालू असावेत असं कुठं लिहिलंय, दाखवा."

बाईंना वाटलं, साहेब चेष्टा करताहेत. त्यांच्या तोंडाकडे पाहिल्यावर कळलं, नाहीत.

"मी या फॉर्मवर शेरा लिहून वर पाठवणार आहे," त्या म्हणाल्या. "तिन्ही जागांबद्दल."

"अवश्य पाठवा. पण एक लक्षात घ्या, नऊ वर्षं प्रत्येक यादीखाली 'माहिती बरोबर आहे' अशी सही कोणाची आहे? चौकशी लागली तर माझी नाही लागणार."

"लागू द्या."

"निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमची."

"म्हणूनच म्हणते, लागू द्या. नंतर लागून काय उपयोग?"

फॉर्मच्या पाठीमागे शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा होती. बाईंनी समास भरला, पानाची कड भरली, शेवटी कोरा कागद जोडला. आवक-जावक वहीत स्वतःच्या हातानं नोंद केली, म्हणजे कागद हरवला असं कोणाला म्हणता येऊ नये. चौथ्या दिवशी त्यांना खुलाशाची नोटीस मिळाली. कचेरीतली माणसं पाणी प्यायला त्यांच्या टेबलावरून न जाता लांबून वळसा घेऊ लागली.

मुलीच्या वाढदिवसाला, कचेरी सुटायच्या आत, त्या तिला घेऊन पुन्हा अधीक्षिकेकडे गेल्या. "सरकार सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "मी करते. माझा पत्ता घ्या, घरचा फोन घ्या. काही झालं तर मला कळवा."

अधीक्षिकेनं फॉर्म काढायला वेळ लावला. मग म्हणाली, "नातं काय लिहू? ही जागा मोकळी ठेवता येत नाही."

बाई अडखळल्या. आई लिहिण्याचा हक्क त्यांना नव्हता. असेल तर तो वायरमनच्या बायकोला होता, आणि तिला कायद्यानं तो मिळाला नव्हता. मावशी, आत्या म्हणणं खोटं झालं असतं. बावीस वर्षं लोकांचे रकाने भरणाऱ्या बाईंना आपला एक रकाना भरता येईना.

मुलीनं फॉर्म स्वतःकडे ओढला आणि लिहिलं, 'ओळखीच्या.' तिची अक्षरं सरळ, ठाम होती. अधीक्षिकेनं वाचलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि शिक्का मारला. वायरमन बाहेर टेंपोत गादी आणि दोन पेट्या घेऊन बसला होता. त्यानं वर येऊन दिव्याची बटणं, पंख्याची जोडणी सगळं तपासलं, एक सैल तार घट्ट केली आणि खाली उतरून गेला.

राहिला तो म्हातारा. पोलीस चौकीत बाई दोन तास बसल्या होत्या. हवालदार सभ्य होता. "या मुलीला काही झालंय का?" त्यानं विचारलं.

"नाही. आम्ही लगेच निघालो."

"मग तक्रार कसली घेऊ? दाराला कडी नाही याची? ज्यांना काही झालं असेल त्यांच्यापैकी एखादी आणा. मग बोलू."

दुपारच्या सुट्टीत, कचेरी रिकामी झाल्यावर, बाईंनी बंद फाइलींचं कपाट उघडलं. कोण कुठं राहायला गेली हे फाइलीवर लिहिलेलं असे, त्यामुळे तिघींच्या फाइली शोधायला वेळ लागला नाही. प्रत्येकीत तोच पत्ता, तीच बाईंची वळणदार सही, तिच्या खाली मुलीची.

पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसरा कुठल्याशा पुरुषाचा होता, तो असल्या कोणाला ओळखत नव्हता. तिसरा बराच वेळ वाजला.

"कोण?" मागे शिलाई यंत्रांचा मोठा आवाज येत होता.

"मी... कचेरीतून बोलतेय."

यंत्रांचा आवाज हळूहळू लांब गेला. दार लागल्यासारखं वाटलं. "फॉर्मबाई?"

"हो."

"चार वर्षांनी?"

बाईंनी वाक्यं ठरवून ठेवली होती. तक्रार, जबाब, हवालदार. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "मी मध्यंतरी त्या जागी गेले होते," त्या म्हणाल्या. "दाराला कडी नाही."

पलीकडे खुर्ची ओढली गेली.

"होती," आवाज आला. "मी बसवली होती. माझ्या पैशांनी. त्यानं काढली." आणि मग, "मी तेव्हा कचेरीत फोन केला होता बाई. तुम्ही म्हणालात, फाइल बंद झालीय."

बाईंना तो फोन आठवत नव्हता. तसे फोन अनेक येत असत.

"आता उघडलीय," त्या म्हणाल्या. "तुला सांगायचं असेल तर सांग. नसेल तर मी फोन ठेवते, पुन्हा त्रास देणार नाही."

"किती वेळ आहे तुम्हाला?"

लोक जेवून परतू लागले होते. साहेब केबिनकडे जाताना टेबलापाशी क्षणभर थांबले, उघड्या फाइलींकडे पाहत राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कोरा कागद पुढे ओढला, रेघा नसलेला, रकाने नसलेला.

"आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून सांग."