पहिल्या रांगेतले सिंहासन

मी एक जुने सिंहासन आहे, मित्रांनो. 'आहे' म्हणायचे की 'होतो', ते तुम्हीच ठरवा. रत्नागिरीतल्या एका जुन्या नाट्यगृहासाठी भिकाजी सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. पाठीवर त्याने दोन सिंह कोरले. त्यातला डावा जरा मांजरासारखा दिसायचा, पण लांबून कळत नसे.

काय थाट होता माझा! नाटक पौराणिक असो की ऐतिहासिक, पडदा उघडला की आधी मी दिसायचो. राजा व्हायचे ते आप्पा. ते माझ्यावर बसून गरजले की कडेवरची पोरे रडायची थांबत. समोरच्या लाकडी खुर्च्यांकडे बघून मी मनात म्हणायचो, बसा खालीच, तुमची जागा तीच.

मग सामाजिक नाटके आली. रंगमंचावर घरातली बैठक मांडू लागले आणि माझ्या जागी एक वेताची आरामखुर्ची आली. पाठ झिजलेली, एक पाय आखूड, तरी तिन्ही अंक तीच मिरवायची. मला रंगपटात ढकलले. माझ्यावर नटांचे ओले टॉवेल वाळू लागले. तिचा तो आखूड पाय मोडावा म्हणून मी किती वाट पाहिली! मोडला नाही मेला.

पुढे एका वादळात छपराचे पत्रे उडाले आणि नाट्यगृह बंद पडले. पाऊस आत आला, मागोमाग वाळवी आली. आरामखुर्ची तिने साफ खाऊन टाकली. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

बऱ्याच वर्षांनी एका रविवारी दार उघडले. इथल्या हौशी कलामंडळाने नाट्यगृह पुन्हा उभे करायचे ठरवले होते. पुढाकार निशिगंधाचा. ती बँकेत नोकरी करते. जयगडच्या बंदरात काम करणारा नितेश सुट्टीच्या दिवशी करवत आणि रंधा घेऊन यायचा. आप्पा आता थकले होते, पण रोज येऊन स्टुलावर बसायचे आणि सगळ्यांना सूचना द्यायचे. छप्पर झाले, रंग झाला. मला वाटले, आता माझी पाळी.

पाळी आली खुर्च्यांची! त्यांना उन्हात ओळीने मांडले, घासले, पॉलिश केले, वर त्यांचे फोटोही काढले. राजा कोपऱ्यात आणि प्रजेला पॉलिश! माझा नुसता जळफळाट झाला. एखादी खुर्ची चमकली की मी तिच्यात खोट शोधायचो. एकदा नितेशच्या हातून पॉलिशचा डबा सांडला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पण पहिल्या रांगेपाशी काम अडले. तिथे गळती जास्त होती. खुर्च्यांचे हात पार कुजले होते.

"प्लायवूड लावलं तर एका पावसाळ्यात फुगेल," निशिगंधा म्हणाली. "जुनं, मुरलेलं लाकूड पाहिजे. आणायचं कुठून?"

नितेशने माझ्या पाठीवर बोट वाजवले. "ह्या फणसाला वाळवीनं तोंडपण नाय लावलं बघा."

मी आप्पांकडे पाहिले. आता हा म्हातारा गरजणार आणि या पोराची बोलती बंद करणार, याची मला खात्री होती.

"काप," आप्पा म्हणाले.

"अहो आप्पा, तुमचं सिंहासन ना ते?" निशिगंधा कळवळली.

"माझं कसलं? मंडळाचं हाय. आणि माणसं बसणार कुठं, माझ्या मांडीवर? काप मेल्या!"

एवढे बोलून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते बाहेर निघून गेले. करवत थांबेपर्यंत आत आले नाहीत. मी त्यांना मनात नको नको ते बोललो.

असे माझे पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचे हात झाले. सिंह रंध्याखाली कुठल्या कुठे गेले. वाटला गेलो तरी माझा जीव कोपऱ्यातल्या खुर्चीच्या उजव्या हातात राहिला, असे मला वाटते. मी, राजाचे आसन, आता प्रेक्षकांत!

उद्घाटनाला ऐतिहासिक नाटक ठेवले. पडदा उघडला आणि मी पेटलोच. वर एक नवे सिंहासन होते! प्लायवूडचे, वर सोनेरी कागद चिकटवलेला. दिव्यांत ते असे झगमगत होते की लोकांनी टाळ्या दिल्या. सुजय नावाचा नवा नट त्यावर ऐटीत बसला होता. मोड, मोड, मी म्हणत राहिलो.

माझ्या खुर्चीत आप्पांच्या पत्नी सगुणाकाकू बसल्या होत्या. हल्ली आप्पांना विसरायला होते, म्हणून त्यांनी म्हाताऱ्या भालदाराची चार वाक्यांची भूमिका घेतली होती. ते आले, मुजरा केला, तोंड उघडले आणि थांबले. शब्द येईना. सुजय वाट बघत राहिला. मागे कोणीतरी खोकले.

सगुणाकाकूंनी मला घट्ट धरले. नखे रुतली. "बोला ना वो," त्या पुटपुटल्या, "महाराज, शत्रू... शत्रू म्हणा..." त्यांचा तळवा घामाने भिजला होता. माझ्यावर आजवर किती राजांनी हात टेकले, पण ते सगळे नाटकातले होते. असे मला कधी कोणी धरले नव्हते. मीही त्यांच्याबरोबर म्हणू लागलो, बोला आप्पा, बोला.

"महाराज! शत्रू वेशीपाशी आला!" आप्पा गरजले. जुन्यासारखेच गरजले. काकूंचा हात सैल पडला, पण त्यांनी तो उचलला नाही.

अंक संपला तेव्हा माझ्या ध्यानात आले, तेवढा वेळ मी वरच्या सोनेरी कागदाकडे पाहिलेच नव्हते.

तर मित्रांनो, आमच्याकडे नाटकाला या. माझ्यावर नावे कोरू नका, च्युइंगम चिकटवू नका. पण जीव खालीवर झाला, तर मला खुशाल घट्ट धरा. मी मोडणार नाही.